शनीपर्यंत पोचलेलं उत्तर

टिंग! दचकलात? दचकू नका. मी टेबलावरची घंटा. पितळेची, वाटीएवढी, डोक्यावर एक बटण. बोट टेकवलं की बोलायचं, एवढंच माझं आयुष्य. पण आज कुणी बोट न टेकवता मीच बोलतेय, तेव्हा जरा ऐका.

तांबं आणि जस्त यांच्या लग्नातून पितळ जन्माला येतं. त्या पितळेच्या पत्र्यातून एका कारखान्यात मला ठोकून काढलं, पोटात स्प्रिंग आणि छोटी हातोडी बसवली. माझी पहिली नोकरी एका लॉजच्या काउंटरवर. दिवसभर चाव्या, टॉवेल आणि गरम पाण्याच्या तक्रारी. पुढे लॉज बंद पडला आणि मी जुन्या बाजारात एका फुटक्या केटलीशेजारी जाऊन बसले. तिथून मला उचललं ते वाचनालयातल्या ग्रंथपाल बाईंनी.

बाईंच्या वाचनालयात दर शुक्रवारी संध्याकाळी सामान्यज्ञानाची स्पर्धा व्हायची. जोडीजोडीने बसायचं, ज्याला उत्तर येईल त्याने मला वाजवायचं. प्रश्न विचारायला हवामान खात्यातून निवृत्त झालेले एक काका. सगळे त्यांना वेधशाळा म्हणायचे. काय काय शिकले मी तिथे! मधमाशीला पाच डोळे असतात. चंद्रावर हवा नाही, म्हणून तिथे आवाज पोचत नाही. हे ऐकून मात्र मी हिरमुसलेच. चंद्रावर मला कोण विचारणार?

स्पर्धेत एक जोडी कधी चुकायची नाही. नणंद-भावजय. नणंद टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. लग्न केलं नव्हतं, भावाकडेच राहायची. लोकांचे फोन जोडून देता देता मधल्या वेळात जे हाती लागेल ते वाचलेलं. भावजय शिवणकाम करणारी, घरच्याच पुढच्या खोलीत तिचं दुकान. ती नणंदेला ‘वन्सं’ म्हणायची, म्हणून सगळं वाचनालयच वन्सं म्हणायला लागलं. आणि वन्संच्या तोंडून ऐकून ऐकून भावजय झाली सगळ्यांची वहिनी.

दोघींची वाटणी ठरलेली. वन्संनी कोपराने ढोसायचं, वहिनींनी मला वाजवायचं, वन्संनी उत्तर द्यायचं.

“मला काय कळतंय त्यातलं?” वहिनी म्हणायच्या. “मी आपली घंटा बडवणारी.”

“बडवू नका हो, ती काय ढोल आहे?” वन्सं म्हणायच्या. मला फार बरं वाटायचं.

त्यांच्यासमोर नेहमी दंतवैद्य आणि त्यांची बायको. माणसं चांगली, पण दर वेळी दुसरी येऊन येऊन कंटाळलेली.

मग एका शुक्रवारी दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. पुढच्याही शुक्रवारी. ग्रंथपाल बाईंनी सांगितलं, वन्संना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. म्हणजे डोक्यात सगळं जागच्या जागी आहे, ऐकलेलं कळतंय, पण शब्द ओठांवर येत नाहीत. आले तर भलतेच येतात.

बाई त्यांना भेटायला गेल्या तेव्हा मला पिशवीत घालून घेऊन गेल्या. वन्सं भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. कुणाशी बोलायच्या नाहीत. चुकीचा शब्द निघाला की ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. आयुष्यभर कधी चुकीचं उत्तर दिलं नव्हतं ना!

“ही राहू दे तुमच्यापाशी,” बाईंनी मला वन्संच्या डाव्या हाताशी ठेवलं. वन्संनी बघितलंसुद्धा नाही.

पण वहिनी कसल्या स्वस्थ बसतात! वाचनालयातून प्रश्नांची जाडजूड पुस्तकं आणली आणि शिवता शिवता मोठ्याने वाचायला सुरुवात केली. वन्सं ढिम्म. एके दुपारी काजं करता करता वहिनी म्हणाल्या, “वटवाघूळ. पक्षी. उडतं म्हणजे पक्षीच की! लिहिणारे काहीही लिहितात मेले.”

माझ्यावर डावा हात आदळला. टिंग! टिंग! टिंग!

“ना... नाही!” वन्सं लालबुंद झाल्या होत्या. “दू... दूध!”

वहिनी धावत आत गेल्या आणि पेला भरून दूध घेऊन आल्या. वन्संनी कपाळाला हात लावला. एकदा दुधाकडे, एकदा पुस्तकाकडे बोट केलं. वटवाघूळ पिल्लांना दूध पाजतं, म्हणून तो पक्षी नव्हे! वहिनींच्या डोक्यात उजेड पडला आणि दोघी अशा हसल्या, की दादा, म्हणजे वन्संचे भाऊ, आतून विचारत आले, “काय झालं?” मग ते दूध त्यांनीच पिऊन टाकलं.

त्या दिवसापासून वहिनींना नस सापडली. रोज काहीतरी धडधडीत चुकीचं सांगायचं आणि वन्संना चिडवायचं. काही चुका मुद्दाम असायच्या, काही खऱ्या. पुढे पुढे खऱ्या कमी होत गेल्या, कारण ऐकवता ऐकवता वहिनीच शिकत होत्या.

आणखी एक शोध लागला. कापड मोजताना वहिनी मोठ्याने आकडे म्हणत होत्या. मध्येच गिऱ्हाईक आलं म्हणून थांबल्या, तर मागून वन्संनी पुढचे आकडे म्हटले, एकही न अडखळता! लहानपणी घोकलेलं सगळं ओळीने येत होतं. वार, महिने, पाढे, ग्रह. नुसतं ‘मे’ म्हणायला सांगितलं तर जमायचं नाही, पण जानेवारीपासून निघाल्या की बरोबर मेपर्यंत येऊन थांबायच्या.

वार्षिक स्पर्धा जवळ आली. “नको नेऊस तिला,” दादा हळूच म्हणाले. “लोक हसतील.”

“हसू देत,” वहिनी म्हणाल्या. “हसले की दात दिसतात. दंतवैद्यांचा धंदा तरी वाढेल!”

गेलो आम्ही. सभागृह भरलेलं. बरीच उत्तरं वहिनींनीच दिली आणि प्रत्येक उत्तरानंतर स्वतःच चकित झाल्या. शेवटच्या प्रश्नाला फक्त एका गुणाने मागे होतो.

वेधशाळांनी विचारलं, “कोणत्या ग्रहाची घनता पाण्यापेक्षाही कमी आहे?”

वहिनींनी वन्संकडे पाहिलं. वन्संचा डावा हात आला. टिंग!

“बुध,” वन्सं म्हणाल्या. “शुक्र... पृथ्वी... मंगळ... गुरू... शनी.” आणि ठाम थांबल्या.

वेधशाळांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “नियम असा आहे, की तोंडातून पहिलं जे निघेल तेच उत्तर.”

वहिनी ताडकन उठल्या. “अहो, शनीला जायचं तर त्यांना मधली स्टेशनं घ्यावी लागतात! थांबल्या कुठे ते बघा ना!”

“द्या हो त्यांना गुण,” दंतवैद्य मऊपणाने म्हणाले. “अशा परिस्थितीत... आमची काही हरकत नाही.”

मी वन्संच्या तळव्याखाली होते. तो तळवा माझ्यावरून उठला. त्यांनी वहिनींचा पदर ओढून त्यांना खाली बसवलं. मग कितीतरी वेळ त्यांचे ओठ नुसते हलत राहिले.

“नि... नियम,” त्या म्हणाल्या. “दया... नको.”

हे शब्द कुठल्याही ओळीतले नव्हते. मागे पुढे काही नसताना ते एकटे आले होते.

वेधशाळा घसा खाकरून म्हणाले, “उत्तर चूक.” आणि मान खाली घातली.

दंतवैद्य जिंकले. पण बक्षीस घ्यायच्या आधी ते आमच्या टेबलापाशी आले. “वन्सं, चुकलो मी. परत कधी येताय खेळायला?”

“सोम,” वन्संनी सुरुवात केली. “मंगळ... बुध...”

ग्रंथपाल बाई बक्षीस हातात धरून तशाच उभ्या. सगळं सभागृह वन्संच्या पाठोपाठ एकेक वार चालत होतं.

“गुरू... शुक्र.”

मग टाळ्या पडल्या. जिंकणाऱ्याला पडल्या नसतील एवढ्या.

आता वाचनालयात खेळणाऱ्यांसाठी दिव्याची बटणं आली आहेत. पण मी अजून शुक्रवारी जाते, प्रश्नकर्त्यांच्या टेबलावर. वेधशाळा थकले, आता प्रश्न वन्सं काढतात आणि वहिनी वाचून दाखवतात. वहिनींनी एखादं नाव वाकडंतिकडं उच्चारलं की वन्सं मला वाजवतात. “कळलं, कळलं!” म्हणत वहिनी पुन्हा वाचतात, आणि बहुतेक वेळा पुन्हा चुकतात.

माझीही स्प्रिंग हल्ली ढिली पडली आहे. पहिल्या दाबाला कधी कधी नुसती खट्ट करते. कधी आलात आणि मी वाजले नाही, तर ‘गेली ही’ म्हणून बाजूला सारू नका. जरा थांबा, पुन्हा बोट टेकवा. आवाज आत शाबूत आहे हो. बाहेर यायला वेळ लागतो, एवढंच.