सात नंबरची पिशवी

बायको गेल्यावर एकटं कसं राहायचं, हे विचारायला मी फादर तुस्कानोंकडे गेलो. ते सत्तेचाळीस वर्षांचे होते आणि बाईमाणसाविना राहायचं हे त्यांनी ठरवून, शिकून केलं होतं. ज्याला जे काम येतं त्याला ते विचारावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी नागपूरला मिशनच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होतो आणि फादर आमचे विभागप्रमुख. ते वसईचे, म्हणून त्यांची मराठी आमच्यापेक्षा साफ. माझी कौसल्या एकाहत्तरच्या नोव्हेंबरात गेली. मी सांगतो आहे ते त्याच्या पुढच्या फेब्रुवारी-मार्चमधलं आहे.

कौसल्याच्या हृदयातली झडप खराब होती. डॉक्टर सांगायचे ते मला कळत नव्हतं. फादरांनी कागदावर हातपंप काढला, त्यातला चामड्याचा वायसर काढला आणि म्हणाले, हा फाटला की पाणी परत खाली जातं, तसं रक्त जातंय. ही बरी होईल का, असं मी विचारलं. त्यांनी नाही म्हणून सांगितलं. इतकं सरळ कोणीच सांगितलं नव्हतं. पण त्याच संध्याकाळी ते तिच्या खाटेजवळ डोळे मिटून अर्धा तास बसले आणि माझं डोकं फिरलं. आम्ही छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. घरातले देव माझ्याच हातानं मी नदीत सोडले होते. वायसर फाटला हे ज्याला माहीत आहे, तो माणूस आता कोणाजवळ काय मागतो आहे, हे मला समजेना. पुढे एकदा मी त्यांना तसं विचारलंही. ते म्हणाले, मागायला काही सापडलं नाही, म्हणून नुसता बसलो होतो.

कौसल्याला मात्र त्यांचं बसणं आवडलं होतं. तिला फादरांची फार कीव यायची. मी डब्यात झुणका-भाकर नेऊन त्यांना द्यायचो, ती तिनंच पाठवलेली असायची. एकदा रविवारी ती माझी पाठ घासत होती. मध्येच हात थांबवून म्हणाली, "अवो, त्या फादरच्या पाठीले साबण कोण लावते?"

मी म्हटलं, मले काय माहीत. ती म्हणाली, विचारजा. मी कधी विचारलं नाही.

ती गेली आणि तीन महिन्यांत माझी बहीण सिंधूताई काटोलहून आली. तिनं तिकडे एक बाई पाहिली होती. अंजनाबाई, विधवा, पस्तिशीची, मूलबाळ नाही, संत्र्याच्या वखारीत माल निवडायचं काम करायची. त्या बाईला उमरेडचंही एक स्थळ आलं होतं, म्हणून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत हो की नाही सांग, असं ताई म्हणाली. ताईनं घर पाहिलं, चूल पाहिली आणि म्हणाली, "तुले एकटं राहता येत असन तर राह्य गा. पण येते का, ते सांग."

तेच मला माहीत नव्हतं. म्हणून मी फादरांकडे गेलो.

"फादर, तुमी एकटे राहायले शिकले," मी म्हटलं. "मले शिकवा."

आधी ते हसले, मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबले. हे काही प्रॅक्टिकल नाही, म्हणाले. मी म्हटलं, सगळ्याला कृती असते असं तुम्हीच पोरांना सांगता. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. त्यांनी पेन उचललं आणि एका कागदावर त्यांचं वेळापत्रक लिहून दिलं. साडेचारला उठणं. अर्धा तास प्रार्थना. अंघोळ. चर्चमधली मिस्सा. वाचन. असं झोपेपर्यंत. प्रार्थनेच्या जागी तुझं जे असेल ते कर, म्हणाले. तेव्हा मला कौसल्याचा प्रश्न आठवला आणि मी तो विचारून टाकला, तिचं नाव मात्र घेतलं नाही. ते उठून आत गेले आणि हातभर दांड्याचा एक ब्रश घेऊन आले. एक म्हातारे फ्रेंच फादर तो मागे ठेवून गेले होते. फादरांनी तो मला दिला. माझ्याकडे दुसरा आहे, म्हणाले. तो नव्हता, हे मला नंतर कळलं.

महिनाभर मी सगळं तसंच केलं. साडेचारला उठून त्रिशरण, पंचशील म्हणायचो. त्याला चार मिनिटं लागायची. बाकीची सव्वीस मिनिटं मी घरातल्या घरात फिरायचो. ब्रशनं पाठ घासली जायची, पण ते घोडा घासल्यासारखं वाटायचं. कॉलेज सुटल्यावर इंदोऱ्याच्या वस्तीत घर पंचवीस मिनिटांवर, तर मी सायकल उलटी गांधीबागेत घालायचो, तिथून महालात, तिथून परत. महालातले दुकानदार मला ओळखायला लागले. काय पाहिजे, म्हणून विचारायचे. मी आगपेटी घ्यायचो. घरात अकरा आगपेट्या झाल्या.

"फादर, कृती बरोबर केली," मी एक दिवस सांगितलं. "अनुमान निघून नाही राहिलं."

आणखी थोडे दिवस कर, म्हणाले. पण त्यांचं स्वतःचंही चित्त जागेवर नव्हतं. सेमिनरीत त्यांच्याबरोबर शिकलेला एक मित्र झगा सोडून पुण्याला संसार करत होता. त्याचं पत्र आलं होतं, सोबत बायको आणि लहान मुलीचा फोटो. वाळवलेलं पान ठेवतात तसा तो फोटो फादरांनी एका जाड पुस्तकात ठेवला होता. मी पुस्तकं पुसायचो, म्हणून मला माहीत होतं. दर दोन दिवसांनी तो वेगळ्या पानात असायचा.

कॉलेजच्या मागे संत्र्याची सहा झाडं होती. काटोलची कलमं. परागकण मिळाले नाहीत तरी संत्र्याला फळ धरतं का, हे फादरांना पाहायचं होतं. काही जातींत धरतं, पण आपल्या नागपुरी संत्र्यात धरलेलं त्यांनी स्वतः कधी पाहिलं नव्हतं. आंबिया बहार आला तशा आम्ही एका झाडाच्या वीस कळ्या निवडल्या. कळी उमलायच्या आधी चिमट्यानं तिचे पुंकेसर काढायचे, वरून बटरपेपरची पिशवी बांधायची, नंबराची चिठ्ठी लावायची. पाकळ्या गळेपर्यंत पिशवी काढायची नाही. हे काम माझं, कारण माझा हात हलत नसे. पांढऱ्या पिशव्या लटकलेल्या पाहून पोरं म्हणायची, झाडाला पांढऱ्या झग्यातले वीस फादर लागले. ते फादरांच्या कानावर गेलं. ते वर्गात म्हणाले, एक बरं आहे, ते फादर कोणाला नापास करत नाहीत.

फादर दिवसातून तीन-तीन वेळा त्या झाडाखाली यायचे. कामाला एकदा पुरे होतं.

बहुतेक कळ्या गळल्या. पिशवी हलवली की आत वाजायच्या. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्या पिशव्या काढल्या तेव्हा सात नंबरला आणि तेरा नंबरला फळ धरलं होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं, हिरवं. फादर तिथेच मातीत गुडघ्यावर बसले. दहा दिवस थांबू, म्हणाले, टिकतं का पाहू. ते वाटाण्याएवढं झालं. त्या दहा दिवसांत फादरांचा चेहरा बदलला. ते जिन्यावर शीळ घालू लागले. पुस्तकातला फोटो दिसेनासा झाला. आणि मला झोप लागेना, कारण ते फळ का धरलं हे मला ठाऊक होतं.

शेवटच्या रविवारच्या आधीचा शुक्रवार. फादर शेतकी कॉलेजातल्या एका प्राध्यापक मित्राला या दोन फळांविषयी पत्र लिहीत बसले होते. मी टेबलासमोर जाऊन उभा राहिलो.

"ते पत्र टाकू नका," मी म्हटलं. "सात नंबर मी उघडली होती. आठ आन तेरा बी."

त्यांनी मान वर केली नाही. "केव्हा?"

"अकरा फेब्रुवारीले. दुपारी चार वाजता."

"किती वेळ?"

"दोन-तीन श्वास घेतले, तितका."

"माशी होती?"

"मोहाची माशी होती, मधाची. मी हाकलली नाही."

मग त्यांनी पेन ठेवलं. "काहून?" त्यांनी विचारलं. आमच्या बोलीतला शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

मी सांगितलं. दरवर्षी बहारात मी गळलेली फुलं खिशात घालून घरी न्यायचो आणि कौसल्या ती पेटीत लुगड्यांच्या घड्यांत ठेवायची. ती गेल्यावर मी ती पेटी उघडायचो. पण उघडलं की वास कमी होतो, हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा मी पेटी बंद केली. त्या दिवशी झाडाखाली एकटा होतो. उघड्या फुलाचा वास वाऱ्यावर जातो. पिशवीतला दोन दिवस कोंडलेला असतो. तो पेटीसारखा येईल असं वाटलं, आणि आला.

फादर उठले आणि खिडकीशी गेले. आवाज न चढवता ते मला खूप बोलले. हे वर्ष गेलं, म्हणाले. तू मला खोटं छापायला लावणार होतास. तेव्हाच सांगितलं असतंस तर त्या तीन कळ्या खोडून दुसऱ्या तीन बांधल्या असत्या, वीसचा आकडा राहिला असता. मी ऐकून घेतलं. सगळं खरं होतं.

मग ते स्टुलावर बसले. बाहेर पोरं सायकली लावत होती.

"मी तुझ्याहून वाईट केलं, बळीराम," ते म्हणाले. "मी मनाशी ठरवलं होतं, विसातलं एक जरी धरलं तर मी झगा अंगावर ठेवीन. एकही नाही धरलं तर बिशपांना पत्र. ते पत्र लिहून तयार होतं. मागच्या आठवड्यात फाडलं."

मला सुचलं ते बोलून गेलो.

"म्हणजे तुमी कौल लावला, फादर."

ते स्टुलावर माझ्याकडे वळले.

"माह्या आज्यानं मरीमायले असाच लावला होता," मी म्हटलं. "डाव्या अंगाचं फूल पडलं म्हणून काकाचं लगन मोडलं. आमी अडाणी होतो. आमी ते छप्पन साली सोडलं. आन तुमी एमएस्सी."

फादर हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढावा लागला. डोळे पुसले तरी पुन्हा भरत होते, आणि ते हसण्यानंच होतं असं मला वाटलं नाही. वसईला आमच्याकडे हिंदूंच्या देवळात अजून लावतात, म्हणाले, लहानपणी मी भिंतीवरून पाहिलंय. आणि प्रार्थना करतो म्हणून सांगत होतो ते हेच, झाडाखाली जाऊन फळ मोजणं.

"मंग आता?"

"आता माहीत नाही. साडेअकराला बीएस्सीचा तास आहे, तो घेतो." मग चष्मा लावून ते म्हणाले, "आणि तू? तूही कौलच लावला होतास. मला. मला जमलं तर तुला जमेल म्हणून."

ते खरं होतं.

"मी जे सोडलं ते माझ्या घरात कधी आलंच नव्हतं," फादर म्हणाले. "तुझ्या घरात सतरा वर्षं होतं. तुला माझं वेळापत्रक दिलं, ती माझी चूक. मलाच ते रोज पुरत नाही."

त्यांनी वही ओढली आणि सात, आठ, तेरा या नंबरांवर रेघ मारली. खाली लिहिलं, पिशवी उघडली गेली, निरीक्षण बाद. कोणी उघडली ते लिहिलं नाही. मी सांगितलं, माझं नाव लिहा. त्यांनी पेन माझ्याकडे दिलं. मी लिहिलं.

शनिवारी मी ब्रश कागदात गुंडाळून नेला. त्यांना म्हटलं, हा तुमच्याजवळच राहू द्या, तुमच्याजवळ दुसरा नाही हे मला माहीत आहे. आणि मग सांगितलं की तो पाठीचा प्रश्न माझा नव्हता, कौसल्याचा होता, आणि तिनं तो आजारी पडायच्याही आधी विचारला होता. फादरांनी ब्रश हातात घेतला आणि उलटासुलटा करून पाहिला.

"कोणी असं विचारलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. पुढच्या बहाराला तुम्ही असाल का, असं मी विचारलं. त्यांनी सांगता येत नाही म्हणून सांगितलं. पण पिशव्या मात्र कॉलेज उघडलं की जून-जुलैत मागवून ठेव, म्हणाले.

रविवारी सकाळी मी काटोलच्या बसमध्ये बसलो. ताईला निरोप पाठवला नव्हता. हो किंवा नाही, हे तिच्या तोंडून त्या बाईपर्यंत जावं असं मला वाटत नव्हतं. अंजनाबाईला समोर बसवून मला सांगायचं होतं की माझ्या घरात एक पेटी आहे, ती मी अधूनमधून उघडीन, मला नुसती पाठ घासायला बाई नको, पण ती सोडून आणखी काय पाहिजे हे अजून नीट कळलेलं नाही. एवढ्यावर ती काय म्हणते, ते तिलाच विचारायचं होतं. तिनं उमरेडचं बरं म्हटलं असतं तरी मी समजलो असतो.

फेटरी गावाच्या पुढे बसचं चाक पंक्चर होऊन बसलं. सगळे खाली उतरले. मी रस्त्याच्या कडेनं इकडून तिकडे फिरू लागलो. पाय थांबत नव्हते. तेवढ्यात समोरून नागपूरला जाणारी गाडी आली आणि हळू झाली. तिच्या कंडक्टरनं मान बाहेर काढून विचारलं, नागपूर आहे का कोणी?

दोघं-तिघं चढले. मी खिशातलं काटोलचं तिकीट मुठीत धरून उभा राहिलो. गाडी गेली. मग मी आमच्या ड्रायव्हरजवळ गेलो आणि चाक उचलायला हात लावला.