कोपऱ्यातलं नाव

शबनमच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती एका जाहिरातीमुळे. सकाळी खडकीच्या घरात चहाचा कप हातात घेऊन ती फोन बघत बसली होती. नकाशे काढायला ती जे परदेशी सॉफ्टवेअर वापरायची, त्याच्या कंपनीनं काहीतरी पाठवलं होतं. ‘भारतीय बाजारातली अक्षरं! तुमच्या खेळातल्या नकाशांसाठी खास नवा संच!’ खाली नमुन्याला एक ळ. दोन्ही पोटं गरगरीत, आणि शेवटाला वर एक झटका. असा ळ अख्ख्या पुण्यात एकच माणूस काढायचा, आणि तो माणूस त्या वेळी मागच्या खोलीत दाढी करत होता. तिचे अब्बा. अकबर पेंटर.

दुकानांच्या पाट्या रंगवण्यात अब्बांचा जन्म गेला. मिठाईवाले, शिंपी, दातांचे डॉक्टर, ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल’ म्हणणारे बंगलेवाले, सगळ्यांचं बोलणं अब्बांच्या ब्रशातून उतरायचं. पाटी पुरी झाली की उजव्या कोपऱ्यात, खाली, बारीक सही: अकबर, खडकी. कुणी त्या सहीवर रंग फासला तर अब्बा शिडी घेऊन परत जायचे आणि मालकाच्या नाकावर टिच्चून ती पुन्हा करायचे. भांडण झालं तर झालं! मग फ्लेक्स आला. कॉम्प्युटरवर एका दिवसात बोर्ड तयार व्हायला लागले आणि ब्रशवाले घरी बसले. पुढे अब्बांचा हात थरथरायलाही लागला.

शबनम मात्र कॉम्प्युटरवालीच झाली. तिच्याच ऑफिसातल्या तेजसबरोबर तिनं एक खेळ रचला होता. टेबलाभोवती पाच-सहा जणांनी बसायचं, मध्ये नकाशा पसरायचा, फासे टाकायचे आणि एका कल्पनेतल्या मुलखात हिंडायचं. असे खेळ सगळे इंग्रजीत. हिचा मराठीत, नाव ‘सात खिंडींचा मुलूख’. दोन वर्षं दोघं नद्या, डोंगर, ठाणी मांडत होते. घोडं अडलं ते नावांपाशी. त्या दीडशहाण्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप केलं की वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे. तेव्हा शबनम अब्बांकडे गेली. घरात दखनी उर्दू चालायची, पण अक्षरांचा विषय निघाला की अब्बा मराठीवर यायचे. उजवं मनगट डाव्या हातानं घट्ट धरून त्यांनी एकेक अक्षर, एकेक जोडाक्षर कागदावर रंगवलं. पूर्ण उन्हाळा त्यात गेला. बिघडलं की फाडायचे आणि स्वतःलाच शिव्या घालायचे. शबनमनं ते सगळं स्कॅन करून चित्रं म्हणून नकाशात बसवलं.

अब्बांनी बदल्यात एकच विचारलं होतं. “कोपऱ्यात माझं नाव येईल ना?”

“म्हणजे काय अब्बा, येणारच की!”

आणि आता तो ळ जाहिरातीत! तिनं तिथल्या तिथे तेजसला फोन लावला.

“अगं, ती अक्षरं मीच त्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत टाकली होती,” तेजस म्हणाला. आवाजात लाज नाही की काही नाही. “आपल्याला फुल व्हर्जन हवं होतं ना? तीस-चाळीस चित्रं त्यांच्या लायब्ररीला दिली की ते फ्रीमध्ये मिळतं. मी अॅग्री केलं. त्या टर्म्स कोण वाचत बसतं?”

“तेजस, ती चित्रं नव्हती. माझ्या बापाचा हात होता तो.”

“आता एवढं काय…”

“एवढं काय? विचारायची तसदी घेतलीस? तुझ्या वडिलांचं घर मी परस्पर कुणाच्या नावावर केलं असतं म्हणजे?”

तेजस मनानं वाईट नव्हता. पण फुकट मिळतंय म्हटल्यावर ह्या माणसांची बोटं आधी चालतात, डोकं नंतर.

शबनमनं कंपनीला खरमरीत लिहिलं. उत्तर आलं ते अगदी साखरेत घोळून. ‘हाय शबनम! तुमच्या भावना आम्हाला समजतात.’ समजतात म्हणे! आणि मग एकेक नियम. लायब्ररीला दिलेली चित्रं कायमची कंपनीची. काढणाऱ्याचं नाव द्यायला कंपनी बांधलेली नाही. तीच अक्षरं दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये वापरता येणार नाहीत. नकाशा घरच्या टेबलावर खेळायला हरकत नाही, पण खेळ विकायचा असेल तर उजव्या कोपऱ्यात खाली कंपनीचं नाव छापावं लागेल. आणि नकाशावर त्याखेरीज दुसऱ्या कुणाचंही नाव चालणार नाही, अक्षरं दुसऱ्या कुणाची आहेत असं जाहीर सांगायचंही नाही.

ते वाचून शबनम खुर्चीतून उठली आणि खोलीत नुसती येरझाऱ्या घालायला लागली. दुसऱ्याच्या घरात शिरायचं, घरधन्याला बाहेर काढायचं आणि वर दारावर आपली पाटी लावायची! हा कुठला न्याय? ती वकिलाकडे जाऊन आली. त्यानं अटी वाचल्या, चष्मा पुसला आणि हात वर केले.

“हो म्हणून टाक,” तेजस म्हणाला. “प्रेसवाला थांबलाय. लोकांना तारीख सांगून बसलोय. दोन वर्षं घालवलीत आपण. अब्बांचे आभार मानू की पुस्तिकेत, शेवटच्या पानावर.”

“आभार?” शबनम ओरडली. “पाहुणे आहेत का ते?”

ती ओरडली खरी, पण हो म्हणाली. हे तिनं कुणाच्या धाकानं केलं नाही. तिलाही तो खेळ छापलेला बघायचा होता, लोकांच्या हातात बघायचा होता. अब्बांची नजर आता अधू झालीय, बारीक अक्षर त्यांना कुठलं दिसतंय, असं तिनं मनाला समजावलं. आपल्या माणसाला फसवताना सुचणारी कारणं किती सोयीची असतात! कोपऱ्यातून ‘अकबर, खडकी’ गेलं आणि तिथं कंपनीचं नाव बसलं. अब्बांना तिनं यातलं काही सांगितलं नाही.

रविवारी कर्वे रस्त्यावरच्या एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर खेळाचं प्रकाशन होतं. अब्बा इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून आले. भिंतीवर नकाशा लावला होता, दरवाजाएवढा मोठा. अधू नजर, बारीक अक्षर, सगळी गणितं तिथंच फसली. अब्बा जवळ गेले. खिंडींची नावं त्यांनी बोट न लावता एकेक करून वाचली. मग खाली वाकून कोपरा वाचला. इंग्रजी अक्षरंही त्यांनी उभा जन्म रंगवलेली. वाचून ते सरळ झाले आणि उभे राहिले.

इतक्यात नम्रता नावाची वाघोलीच्या कॉलेजातली मुलगी त्यांच्याशेजारी येऊन उभी राहिली. हातात खेळाचा डबा.

“काका, ही लेटरिंग कसली भारी आहे ना! मी पण घेतलाय हा संच. त्या फॉरेनच्या कंपनीचा आहे.”

बिचारीला काय माहीत? कोपऱ्यात जे लिहिलं होतं तेच तर ती बोलत होती.

अब्बांनी तिच्याकडे बघितलं. “आवडली तुला?”

“खूप!”

“हं,” अब्बा म्हणाले. “चांगला हात आहे कुणाचा तरी.”

आणि ते जिन्याकडे वळले. शबनम मागे धावली. निम्म्या जिन्यात तिनं त्यांना गाठलं.

“अब्बा, थांबा! मी आत्ता वर जाऊन सगळ्यांना सांगते.”

“काय सांगशील?”

“ही अक्षरं माझ्या वडिलांची आहेत म्हणून.”

“बरं. मग ते विचारतील, तुझ्या बापाची आहेत तर त्याचं नाव कुठंय? तेव्हा काय सांगशील?”

“कंपनीनं चोरलं, अब्बा! त्यांच्या अटीच तशा हरामखोर…”

“कंपनी मला कुठं ओळखते?” अब्बांचा आवाज चढला. तो असा चढलेला तिनं लहानपणानंतर ऐकला नव्हता. त्यांनी कठडा घट्ट धरला. “ती परकी आहे, ती चोरणारच. मला तिचा राग नाही येत, तुझा येतोय. गिऱ्हाइकानं सही पुसली तर मी शिडी घेऊन जायचो. आता शिडी कुठं लावू, सांग! तुझ्या घरात?”

वरून तेजस तिला हाका मारत होता. लोक थांबलेत, चल, बोलायचंय तुला. शबनमला त्याचाही संताप आला, त्या गोडबोल्या कंपनीचाही आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

“मी हो म्हणाले, असं सांगेन,” ती म्हणाली. “त्यांनी नाव काढायला सांगितलं आणि मी काढलं. खेळ बाहेर यावा म्हणून. मला कळत होतं, तरी काढलं.”

“मग कंपनी?”

“बंद पाडू दे खेळ. खटला भरू दे. मी सांगणार.”

अब्बांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. खाली उतरले नाहीत आणि वरही चढले नाहीत.

“जा मग,” ते म्हणाले. “मी इथंच उभा आहे. मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं सांग.”