दोनदा वाचलेलं नाव

थोरली जाऊ नऊ वर्षं एकाच कामात मुरली होती. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, प्रोग्रामने फाइलचा पत्ता दिला की तो तिरप्या रेघांपाशी तोडायचा, एकेका फोल्डरमधून वाट काढायची आणि फाइल उघडायला परवानगी आहे का ते बघायचं. या कोडला हात लावायचा तर आधी सगळे तिला विचारत.

मग धाकटी जाऊ त्याच टीममध्ये आली आणि तीन महिन्यांत तिने ते काम दुप्पट वेगवान करून दाखवलं. साहेबांनी मीटिंगमध्ये टाळ्या वाजवल्या. घरी सासूबाई म्हणाल्या, "धाकटीचं डोकं भारी चालतं हं!" थोरली भाजी चिरत होती. तिने सुरी जरा जोरातच चालवली.

सोमवारी धाकटीचा कोड तपासायला थोरलीकडेच आला. दहाव्या मिनिटाला तिला चूक सापडली. प्रोग्रामच्या मेमरीतलं फाइलचं नाव धाकटी एकदा परवानगी तपासायला वाचत होती आणि फाइल उघडताना पुन्हा तिथूनच वाचत होती. मधल्या क्षणात लबाड प्रोग्रामने नाव बदललं, तर तपासणी एका फाइलची व्हायची आणि उघडायची भलतीच.

थोरलीने खुर्ची मागे सरकवली. पडू दे तोंडावर, तिला वाटलं. तिने 'मंजूर' दाबलं.

पण चाचण्या सगळ्या पास झाल्या. मंगळवार गेला, बुधवार गेला. कोड शुक्रवारी बाहेर जाणार होता.

गुरुवारी धाकटी चहाचे दोन कप घेऊन थोरलीच्या टेबलापाशी आली. "ताई, साहेब विचारत होते, आणखी कुणाला दाखवायचं का? मी म्हटलं, ताईंनी बघितलंय, आता कशाला?"

थोरलीने चहा बाजूला सारला. "बस जरा," ती म्हणाली आणि स्क्रीनवरच्या त्या दोन ओळी दाखवल्या.

धाकटीचा चेहरा उतरला. "अगंबाई! नाव एकदाच कर्नलमध्ये उतरवून घ्यायचं आणि तीच प्रत वापरायची. एवढं साधं! बरं झालं आत्ता दिसलं तुम्हाला."

"आत्ता नाही. सोमवारीच दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझी फजिती बघायची होती मला."

धाकटी कप तिथेच ठेवून जागेवर गेली आणि संध्याकाळपर्यंत तिने दुरुस्ती केली. वेग थोडासाच कमी झाला. सोमवारची गोष्ट तिने साहेबांना सांगितली नाही, घरीही नाही. मात्र त्यानंतर तिचा प्रत्येक कोड थोरलीबरोबर आणखी एकाकडेही तपासायला जाऊ लागला.

त्या दुसऱ्या माणसाचं नाव दिसलं की थोरलीला लाज वाटायची. आणि कोड वाचता वाचता, हे आपल्याला का सुचलं नाही, म्हणून पोटात दुखायचंही. पण चूक दिसली की ती आता त्याच मिनिटाला कळवायची.