पहिल्या पानामागचं नाव

अंबाजी नाखवा चौथ्यांदा दारात येऊन उभा राहिला आणि चौथ्यांदा आत गेला. मुंबईची मुलगी बाराच्या लाँचने रेवसला उतरणार होती. त्या धक्क्यावर त्याने तीस वर्षं तिकिटं फाडलेली. लाँच कधी वेळेवर येत नाही हे त्याला सांगायला हवं होतं का? पण जीव थाऱ्यावर नव्हता त्याला काय करणार!

कारणही तसंच होतं. नऊ वर्षांपूर्वी त्याने कोळीवाड्यावर एक कादंबरी लिहिली होती. वाड्यात ती कुणी वाचली नाही, बाहेर जेमतेम खपली, आणि आता अचानक तिच्यावर सिनेमा काढायचा म्हणून एक कंपनी मागे लागली होती. मृणाली नावाची मुलगी करार घेऊन येत होती. सही तेवढी बाकी होती. आणि घोळ असा, की सही अंबाजीची चालणार नव्हती. बायकोची हवी होती.

हा घोळ त्याने स्वतःच्या हाताने करून ठेवलेला. मराठी लेखक पुस्तकाचे हक्क बायकोच्या नावे करतात, हे त्याने वाचनालयातल्या पुस्तकांत पाहिलं होतं. पहिलं पान उलटलं की मागे बारीक अक्षरात 'सौ. अमुक तमुक'. त्याला ते फार भारदस्त वाटे. प्रकाशकाने विचारलं, "हक्क कुणाच्या नावे?" तेव्हा हा पठ्ठ्या छाती काढून म्हणाला, "बायकोच्या." करारातही तसंच लिहिलं गेलं. पुस्तक आलं तेव्हा केसरने त्याला हळदकुंकू वाहिलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. "काय लिवलंय?" तिने विचारलं होतं. "असंच, वाड्यातल्या गोष्टी," म्हणून त्याने विषय मिटवला. चौथी शिकलेली बाई, जन्म मासळी विकण्यात गेला. नवऱ्यावर विश्वास ठेवून ती गप्प बसली.

गोम होती अकराव्या प्रकरणात.

केसर चौदा वर्षांची असताना तिची थोरली बहीण सोनू एका माणसाबरोबर लाँचने मुंबईला पळाली. धक्क्यावर केसरने तिला पाहिलं. सोनूने तिला शपथ घातली. घरी बापाने विचारलं तेव्हा पोरगी म्हणाली, "मी न्हाय बगितली." सोनू बुडाली असं धरून बाप आणि मोठा भाऊ तुकाराम तीन दिवस भर पावसात खाडी धुंडाळत राहिले. बापाला ताप भरला, आणि आठवड्यात तो गेला. सोनूची पुन्हा कधी खबर आली नाही. तुकाराम अजून दर अमावास्येला तिच्या नावाने खाडीत नारळ सोडतो. केसरने हे सगळं आयुष्यात एकदाच, एकाच माणसाला सांगितलं. आणि त्या माणसाने छापलं.

म्हणून त्याला एवढंच हवं होतं, की बोलणं वाढायच्या आत सही व्हावी.

मृणाली दीड वाजता आली. केसर अंगणात जवळा वाळवत होती. हात धुऊन, पदराला पुसत ती आत आली. अंबाजीने कागद तिच्यापुढे सरकवले, पेनचं टोपणसुद्धा काढून दिलं. "हितं सही कर. बस."

"थांबा काका," मृणाली म्हणाली. "मावशींना समजल्याशिवाय मी सही नाही घेणार. मालक त्या आहेत."

"कसली मालक?" केसरने विचारलं.

"पुस्तकाच्या. ते कुणी छापायचं, कुणी त्याचा सिनेमा करायचा, ते तुम्ही ठरवायचं. तुमच्या परवानगीशिवाय यातलं एक पान कुणी उचलू शकत नाही."

"म्हंजे मी न्हाय बोलली तं?"

"तर नाही. विषय संपला."

"ती कशाला न्हाय बोलते!" अंबाजी मोठ्याने हसला. कुणीच हसलं नाही. "चा टाक ना, केसर. पोरगी उन्हातून आलीय."

"ठेवलाय चुलीवर. बोल गो बाय तू."

मृणाली बिचारी मनापासून बोलू लागली. "मावशी, खरं सांगू? अकरावं प्रकरण वाचून मी ढसाढसा रडले. सिनेमा तिथूनच सुरू होतो. धक्क्यावर उभी असलेली ती चौदा वर्षांची मुलगी, जी बापाशी खोटं बोलते..."

"तुझी लाँच चुकंल, लवकर आटप," अंबाजी मध्येच म्हणाला.

"पाचची आहे, काका."

केसरने विचारलं, "बापाच्या होडीचं नाव काय हाय त्यात?"

"'हिराई'! काय गोड नाव आहे. पुस्तकातलंच ठेवलंय."

माणसांची नावं अंबाजीने एकूण एक बदलली होती. होडीचं तेवढं राहू दिलं होतं, का तर कानाला बरं लागतं म्हणून. मेल्या, एवढी हौस कशाला करायची!

केसर उठली. देव्हाऱ्यातून पुस्तक आणून तिने मृणालीसमोर धरलं. "माजं नाव दाकव." मृणालीने बोट ठेवलं. केसरने अक्षर अक्षर लावून वाचलं, "सौ. केसर अंबाजी नाखवा." मग ती नवऱ्याकडे वळली.

"मना इचारलंव?"

"अगं, नावं बदललीत मी. आणि घडलेल्या गोष्टीवर कुणाची मालकी नसते, कायदाच हाय तसा. मालकी लिवलेल्या शब्दांची असते. विचार हिला."

धक्क्यावरची ती मुलगी कोण, हे मृणालीच्या आता कुठे ध्यानात आलं. ती खाली मान घालून म्हणाली, "कायद्याने बरोबर आहे, मावशी."

"आसंल. मंग हे शब्द कोनाचे?"

"माझे," अंबाजी म्हणाला.

"आन् मालकी?"

"तुझी."

"मंग इचारा. तवा न्हाय इचारलंव, आता इचारा."

साठीला आलेला माणूस, पुस्तकाचा लेखक, पण त्याला बायकोच्या डोळ्यांत बघवेना. एका ओळीचा तर प्रश्न होता. नऊ वर्षांपूर्वी विचारला असता तर काय बिघडलं असतं? उत्तर ठाऊक होतं, म्हणूनच तर विचारला नव्हता. त्याची त्यालाच लाज वाटली. तो म्हणाला, "केसर, ही तुझी गोष्ट मी लोकांना सांगू का?"

"न्हाय," केसर म्हणाली.

मृणालीने पेनला टोपण लावलं आणि कागद पिशवीत भरले. कुणी रागावलं नाही, रडलं नाही. चूल विझवायची राहिली होती, चहा उतू गेला होता.

तेवढ्यात दारात तुकाराम आला. "केसर, नारळ हाय का गो घरात? आज आवस हाय." मृणालीकडे बघून त्याने विचारलं, "ही कोन पोर?"

"पुस्तकाचं काम व्हतं, दादा," केसर म्हणाली. "झालं."

नारळ फडताळावर होता. अंबाजीने तो काढला, शेंडी नीट केली आणि स्वतः दारापर्यंत जाऊन मेव्हण्याच्या हातात दिला.