एकतीस अंकी संख्येचा भाजक

एका निवृत्त गणितशिक्षकांनी आठ वर्षं हाडाची काडं करून एक एकतीस अंकी संख्या मूळ ठरवली होती, म्हणजे एक आणि स्वतःखेरीज कशानेही भाग न जाणारी. उद्या ते गणितप्रेमींच्या भर सभेत सांगायचं होतं. आज त्यांच्या लेकीला आकडेमोडीच्या यंत्रावर त्या संख्येचा नऊ अंकी भाजक सापडला. ती कागद घेऊन बाबांकडे गेली.

"बाबा, तुमच्या संख्येला भाग जातो."

"कशाने?" त्यांनी मान वर करून विचारलं.

तिने कागद पुढे केला. ते भागाकार करत बसले. ती पेन्सिलीकडे बघत राहिली. शेवटी खाली शून्य उरलं.

"माझ्या हातून निसटला," ते पुटपुटले. मग कागद तिच्या हातात देत म्हणाले, "उद्या सभेत तूच सांग. मी पहिल्या रांगेत बसतो."