माळावरचं करकरतं पायताण

मित्रांनो, मी एक जुना कोल्हापुरी पायताणांचा जोड आहे. जुना असलो तरी माझा आवाज ऐकाच! मी असा कर्र कर्र वाजतो की गल्लीतली माणसं वळून बघतात. पायताणं बनवणाऱ्या धोंडुबाईंनी माझी कातडी वेणी घातली आणि त्यांच्या नवऱ्यानं तळाच्या दोन कातड्यांमध्ये मी वाजावा अशी खास सोय केली. न वाजणाऱ्या पायताणाला आमच्याकडे विचारतो कोण?

माझे धनी जोतीराम शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहेत. तिथे दिवसभर नुसती धडधड. म्हणून सोमवारी सुट्टी मिळाली की ते एकटेच गावाबाहेरच्या माळावर फिरायला जात. पाखरं, जनावरं बघायचा त्यांना भारी नाद. आणि पायात मी! मी कर्र म्हणायचो, चंडोल भुर्र उडायचे.

एकदा त्यांना खोकडाचं बीळ दिसलं. खोकड म्हणजे बारक्या चणीचा कोल्हा. बिळाच्या तोंडाशी पिल्लांच्या पावलांचे ठसे होते. ती पिल्लं एकदा तरी बघायची, असा धन्यांनी ध्यासच घेतला. पण प्रत्येक सोमवारी रिकामं बीळ बघून ते हिरमुसून परत यायचे.

एका सोमवारी ते निघताना त्यांची बायको वर्षाराणी हसून म्हणाली, "अवो, खोकड बघाय जाताय का वरात काढताय? ते पायताण टाका कोपऱ्यात, बूट घ्या की!"

"व्हय, आजच्या दिवस ह्येच घालतो. उद्या बूट आणतो," धनी म्हणाले.

माळापर्यंत मी रागानं दुप्पट कर्र कर्र वाजत गेलो.

पण त्या दिवशी आवाज होऊ नये म्हणून माळाच्या कडेलाच धन्यांनी मला पायांतून काढून हातात घेतलं. बिळाच्या अलीकडे एका दगडाजवळ ठेवलं आणि स्वतः अनवाणी, कुसळं टोचून घेत, करवंदीच्या जाळीआड जाऊन बसले. मी रुसून गप्प पडलो होतो. माळावर गप्प राहण्याची ती माझी पहिलीच वेळ.

ऊन कललं. बिळातून एक इवलं तोंड बाहेर आलं. मग दुसरं. दोघं धडपडत आली ती थेट माझ्याकडेच! एकानं मला हुंगलं, मग ते शिंकलं आणि माझा डावा अंगठा, म्हणजे पायाचं बोट अडकवायची वादी, दातांत धरून ओढायला लागलं. दुसरं उजव्यावर चढून बसलं. मित्रांनो, मला कोण आनंद झाला म्हणून सांगू! जाळीआड धनी तोंडावर हात धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

घरी वर्षाराणीनं माझा कुरतडलेला अंगठा बघितला. "आता तर टाकायचंच की ह्ये!"

"खुळी का काय! खोकडाच्या पिल्लाची खूण हाय ती," धनी म्हणाले.

बूट आलेच नाहीत. आजही धनी मला घालून माळापर्यंत जातात. गावात मी मनसोक्त वाजतो, आणि माळ लागला की ते मला काढून हातात घेतात. मुलांनो, तुम्हीही रानात जाल तेव्हा एवढं ध्यानात ठेवा. ते कुणाचं तरी घर आहे. आणि दुसऱ्याच्या घरात शिरताना पायताण दारातच काढायचं असतं.