देखाव्याचे फोटो

इस्पितळात नर्सांच्या ड्युट्या लावणं हे माझं काम. चव्वेचाळीस नर्सा, तीन पाळ्या, आणि प्रत्येकीला सुट्टी रविवारीच हवी. एकवीस वर्षं हे केल्यावर माणसाला एक खोड लागते: समोर कसलीही अडचण आली की तिचा तक्ता करायचा. आमची मुलगी म्हणते, आईला न्यायला यम आला तर आई त्याचीसुद्धा ड्युटी बदलून देईल. म्हणू दे. तक्त्याशिवाय तिचं लग्नही वेळेवर लागलं नसतं.

ही गोष्ट माझ्या अशाच एका तक्त्याची आहे. तो मी प्रेमापोटी केला होता, हे आधीच सांगून ठेवते.

आमचे हे एका कंपनीच्या मशीनरूममध्ये, म्हणजे मोठे संगणक ठेवतात त्या खोलीत, कामाला होते. चोवीस वर्षं. त्या खोलीत इतकी थंडी असायची की भर उन्हाळ्यात हे स्वेटर घेऊन कामावर जायचे. एक दिवस कंपनीने सगळा कारभार भाड्याच्या क्लाउडवर हलवला, मशीनरूम रिकामी केली आणि मशीनांबरोबर ह्यांनाही बाहेर काढलं. वय बावन्न. पुढचे पाच महिने हे खिडकीशी खुर्ची टाकून बसले. दाढी वाढली. चहा दिला तर प्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. मला धास्ती त्याचीच होती. कटकट करणारा नवरा परवडला, पण काहीच न मागणारा नवरा घरात असला की झोप लागत नाही.

मग एका सकाळी हे जुन्या बाजारातून एक वापरलेला संगणक घेऊन आले. चपलांच्या कपाटातला खालचा कप्पा रिकामा केला, कपाटाच्या पाठीला हवेसाठी भोकं पाडली आणि तो तिथे बसवला. म्हणाले, "आपल्या घराचे फोटो, कागदपत्रं, किराणाची यादी, सगळं आता आपल्याच घरात राहील. आपली वस्तू परक्याच्या दारात कशाला?" मुलगी, जावई, माझा धाकटा भाऊ, त्याची बायको, असं करत करत अकरा जणांची खाती उघडली. त्या मशीनला धूळ चालत नव्हती, उकाडा चालत नव्हता, आणि रुसलं की घरातल्या सगळ्यांनी हातातली कामं टाकून त्याची मनधरणी करायची. म्हणून मी त्याचं नाव जावईबापू ठेवलं. खरे जावई हसले. त्यांचा स्वभाव चांगला आहे.

पण चार महिन्यांत सगळे कंटाळले. फोटो उघडायला वेळ लागायचा, पासवर्ड लक्षात राहायचा नाही, वीज गेली की सगळंच गप्प. आधी मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, मी माझे फोटो परत कंपनीच्या क्लाउडवर नेलेत. बाबांना सांगू नकोस." मग भाऊ आला. मग त्याची बायको. जो तो मला गुपचूप सांगून मोकळा. आणि इकडे हे रोज दाढी करायला लागले होते, शीळ घालत कपाटासमोर बसायला लागले होते. आता सांगा, मी काय करायला हवं होतं?

मी तक्ता केला. प्रत्येकाला एकेक वार वाटून दिला. आपल्या वारी जावईबापूंवर दोन-तीन फोटो चढवायचे, कसलेही. शिवाय महिन्यातून एकदा प्रत्येकाने काहीतरी तक्रार करायची, म्हणजे ह्यांच्या हाताला काम राहील. भावाचा पासवर्ड दर तिसऱ्या शनिवारी हरवायचा. तो आपल्या दारातल्या स्कूटरचा फोटो चढवायचा, दर आठवड्याला तीच स्कूटर. माझा वार बुधवार. मी गॅलरीतली कुंडी काढायचे. ह्यांना संशय येण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्याच्या खात्यात डोकवायचं नाही, हा ह्यांचा पक्का नियम. "पोस्टमनने पत्रं वाचायची नसतात," म्हणायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन वर्षं ती मी झाकून ठेवली, आणि स्वतःवर बेहद्द खूश होते.

एकीलाच तक्त्यात घेतलं नव्हतं, माझ्या नणंदेला. ती एकटी राहते, इथून दोन तासांवर. तिथल्या बसस्थानकावर माइकवरून गाड्यांच्या घोषणा करायची. खणखणीत आवाज, आणि तोंडात तीळ भिजायचा नाही. तिला सांगितलं असतं तर दुसऱ्या मिनिटाला तिच्या दादाला कळलं असतं. त्यामुळे अकरा जणांत ती एकटी आपलं सगळं खरोखरच दादाच्या मशीनवर ठेवत होती.

ह्या वर्षी एप्रिलमध्ये तिला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, पण शब्द गेले. कप दाखवला तर कप म्हणजे काय ते तिला कळायचं, ओठांवर मात्र भलताच शब्द यायचा. स्पीच थेरपीच्या बाईंनी तिला दहा चित्रांची कार्डं दिली. रोज ती समोर धरून नावं म्हणायची आणि फोनवर त्याचा व्हिडिओ काढायचा. बाईंनी आणखी एक सांगितलं होतं: ज्या दिवशी वाटेल की आपलं काहीच होत नाहीये, त्या दिवशी पहिला व्हिडिओ उघडून बघायचा. नणंद रोजचा व्हिडिओ दादाच्या मशीनवर चढवायची आणि फोनमधून पुसून टाकायची, कारण फोन भरायचा. सहा महिने तिने हे एक दिवसही चुकवलं नाही.

हे सगळं मला माहीत होतं. तरी माझ्या डोक्यात दिवा लागला नाही तो नाहीच.

तिचा फोन आला तो गुरुवार होता. मी रजेवर होते. सकाळी औषधांच्या दुकानात तिला स्वतःचा पत्ता सांगता आला नव्हता, आणि मागे रांगेत कोणीतरी हसलं होतं. हे तिने कसंबसं सांगितलं. मग म्हणाली, "दादा. पहिला. उघडत... नाही."

ह्यांनी कपाट उघडलं. आतून टक्, टक्, टक् असा आवाज येत होता. हे खाली वाकून थोडा वेळ ऐकत राहिले.

"डिस्क गेली," म्हणाले. पण घाबरले अजिबात नाहीत. फोनवर तिला म्हणाले, "अगं, अशाच दिवसासाठी दुसरी प्रत ठेवलेली असते. दोन तास दे. तुझा पहिला व्हिडिओ तुझ्यासमोर असेल."

ती दुसरी प्रत माझ्या भावाच्या घरी होती. घर जळलं तर दोन्ही प्रती जायला नकोत, म्हणून ह्यांनी त्याच्याकडे टीव्हीमागे एक छोटा डबा लावला होता. तो रोज पहाटे जावईबापूंकडून नवीन असेल ते सगळं उतरवून न्यायचा. हे चपला घालायला लागले. चेहऱ्यावर उत्साह होता, अगदी लपवता न येणारा. कंपनीत चोवीस वर्षं ह्या दिवसाची तयारी केली आणि तो दिवस शेवटी घरी आला, अशा थाटात निघालेले.

तेव्हा मला आठवलं. मार्चमध्ये भावाचा फोन आला होता. "ताई, माशांच्या टाकीला प्लग कमी पडतोय. भावोजींचा तो डबा काढू का?" तेव्हा माझ्यासमोर दोन नर्सा एका रजेवरून भांडत होत्या. मी म्हटलं होतं, "काढ रे. त्यात आहे काय? तुझी स्कूटर आणि माझी कुंडी."

"अहो," मी म्हटलं, "चपला काढा. बसा."

आणि सगळं सांगितलं. आधी डबा, मग डबा काढायला का सांगितला ते, मग तक्ता. हे उभेच राहिले. माझं संपल्यावर एवढंच विचारलं, "तारीख?"

भावाला फोन लावला. माशांची टाकी त्याच्या मुलीच्या वाढदिवसाला आणलेली, म्हणजे बारा मार्च. नणंदेला झटका आला तो नऊ एप्रिलला.

"म्हणजे तिचा एकही नाही," हे म्हणाले. "वाचलंय ते काय?"

"स्कूटर," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "अकरा माणसं?"

"दहा. ती सोडून."

"आणि तुझ्या भावाचा पासवर्ड?"

"तिसरा शनिवार," मी म्हटलं. एरवी माझ्या तोंडाला कोणी लागत नाही. त्या वेळी मात्र मी विचारलं तेवढंच सांगत होते.

हे गेले आणि खिडकीशी खुर्ची ओढून बसले. तीच खुर्ची, तीच खिडकी. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडले. मला नवऱ्याची दया आली होती, ह्यात लाज वाटण्यासारखं काही नाही असं मी दोन वर्षं समजत होते. पण मी त्याच दयेपायी त्यांच्या कामाला पोरखेळ समजले होते, आणि ज्या एका बाईने तो पोरखेळ समजला नाही तिचंच सगळं गेलं होतं. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं म्हणून हात झटकता येण्यातली ही गोष्ट नव्हती. आता हे पुन्हा पाच महिने त्या खुर्चीतून उठले नाहीत, तर त्याला कोणता तक्ता करणार होते मी?

अर्ध्या तासाने खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"ज्यांना मशीन नको आहे त्यांची खाती मी आज बंद करतोय."

"माझं?"

"तुझं आधी."

आवाज चढलेला. तीन वर्षांत हे माझ्यावर पहिल्यांदा रागावले होते. खोटं कशाला बोलू, मला तेवढ्यातही बरं वाटलं. हा आवाज मशीनरूमचा होता. पूर्वी फोनवर कोणाची तरी हजेरी घेताना ऐकलेला.

"ताईला व्हिडिओ कॉल लाव," म्हणाले. धाकट्या बहिणीला हे ताईच म्हणतात, लहानपणापासून.

तिचा चेहरा पडद्यावर आला. केस विंचरलेले नव्हते. ह्यांनी काहीही गुळमुळीत न बोलता सांगितलं, "ताई, व्हिडिओ गेले. सगळे. बिघडलेल्या डिस्कमधलं काढून देणाऱ्या माणसाकडे पाठवून बघेन, पण आवाजावरून सांगतो, आशा धरू नकोस."

मी मध्येच म्हटलं, "वन्सं, तो डबा मी काढायला सांगितला. चूक माझी आहे."

"तुझ्याशी मी नंतर बोलेन," हे म्हणाले, आणि पुन्हा तिच्याकडे वळले. "डबा कोणी का काढेना. काही बिघडलं तरच मला कळव, असं मी त्या डब्याला सांगून ठेवलं होतं. जो बंदच पडलाय तो कळवणार कसा? रोज 'ठीक आहे' म्हणून निरोप यायला हवा होता. महिन्यातून एकदा प्रत उतरवून बघायला हवी होती. कंपनीत माझ्या हाताखालच्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. घरचं काम म्हणून मीही हलक्यात घेतलं. चूक माझी आहे."

नणंदेला राग आला की तिचं वाक्य जुळत नाही, हे आम्हाला माहीत होतं, म्हणून थांबलो. तिने डोळे पुसले. मग विचारलं, "पहिला... कसा होता?"

"मी तुझे व्हिडिओ कधी उघडले नाहीत," हे म्हणाले. "पण पहिल्या दिवशी मी तिथेच होतो ना, पलंगापाशी. बाईंनी दहा कार्डं दाखवली. दहाही वेळा तू 'दार' म्हणालीस. सातव्या कार्डाला तुला स्वतःलाच कळलं की चुकतंय, आणि तू ते कार्ड घेऊन फेकलंस. ते बाईंच्या चहात पडलं."

तिच्या तोंडून एक आवाज आला. ती हसत होती. हसता हसता तिचे डोळे पुन्हा भरले.

"आज..." ती म्हणाली. थांबली. तळहाताने टेबलावर ठोकलं, जसं ती शब्द अडला की करते. "आज वाईट... दिवस."

"हो गं."

"मग आज. पहिला... वाईटच... लागतो."

हे म्हणाले, "थांब, आजचाच पहिला करू," आणि भराभर कॉलचं रेकॉर्डिंग सुरू केलं. एक प्रत लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर. तिसरी तिच्याच फोनमध्ये ठेवायला सांगितली आणि पुसायची नाही म्हणून बजावलं. तोवर तिने कार्डं आणली आणि पहिलं कॅमेऱ्यासमोर धरलं.

"कप," ती म्हणाली. दुसऱ्याला, "चावी." तिसऱ्याला बऱ्याच वेळाने, "खुर्ची."

चौथ्या कार्डावर छत्री होती. ती अडली. ओठ हलले, बंद झाले. टेबलावर एकदा ठोकलं, दोनदा ठोकलं. शब्द माझ्या जिभेवर होता. मी तोंड उघडलं, तोच ह्यांनी तिच्यावरची नजर न हलवता माझं मनगट घट्ट धरलं. मी गप्प बसले. घड्याळात बघितलं नाही, पण खूप वेळ गेला. ती कार्ड उलटं करून स्वतः बघायची, पुन्हा आमच्याकडे धरायची. आम्ही दोघं नुसते बसून होतो.

"छत्री," ती म्हणाली, आणि पाचवं कार्ड उचललं.